आधी पाण्याचा ताळेबंद मांडा

परिसर हिरवा दिसला की विद्यापीठाचे पर्यावरणाचे काम झाले, ही समजूत टाकून द्यायला हवी. 5 जूनला खड्डे घ्यायचे, रोपे लावायची, फोटो काढायचे. नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो आणि इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. जूनमधले रोप मग टँकरवर जगवावे लागते, नाहीतर जळते. छतावर सौरपॅनेल जरूर बसवा. पण या जिल्ह्यात खरा तुटवडा पाण्याचा आहे, तेव्हा परीक्षाही पाण्याचीच घ्या.

यावर म्हणतात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे काम संशोधनाचे. भगवा डाळिंब त्याने दिले, कोरडवाहू ज्वारीचे वाण दिले. आवारातल्या पाण्याचा हिशोब कशाला? उसाच्या पाण्यापुढे ते किती? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. शेतकरी प्लॉट पाहून वळतो. शिवारफेरीला आलेला माणूस कणसाबरोबर चारीही न्याहाळतो, ठिबक आहे की मोकाट पाणी, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून को 86032 हा ऊस राज्यभर पसरला. ज्याने तहानलेले पीक वाढवले, त्याच्यावर पाणी मोजून दाखवण्याची जबाबदारी दुप्पट आहे. राहुरी तालुक्यातच 26 टीएमसीचे मुळा धरण आहे, म्हणून पाणी मुबलक मानायचे कारण नाही. तुटीच्या वर्षी त्यातून जायकवाडीला पाणी सोडावे लागते, त्यावरून दरवेळी भांडणे पेटतात.

मग करायचे काय, ते हिवरे बाजारने दाखवले आहे. तिथे पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. एका खेड्याला जे जमले, ते जलशास्त्रज्ञ पदरी असलेल्या विद्यापीठाला जमू नये? ज्यांचे नाव विद्यापीठाने घेतले, त्या जोतीरावांनी 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून सरकारने ताली-बंधारे घालावेत, असे सांगितले होते.

तेव्हा दरवर्षी ऑक्टोबरात हा ताळेबंद प्रवेशद्वारावर लावावा: किती पाऊस पडला, किती मुरला, कालव्याचे किती घेतले, वसतिगृहांचे सांडपाणी किती पुन्हा वापरले. तूट आली तर कात्री आधी हिरवळीला, मग शोभेच्या झाडांना, मग उसाच्या प्लॉटला. बियाण्याच्या प्लॉटला सर्वांत शेवटी.