स्मशान, समाधी, कबर, चैत्य… शब्द इतके, मग नागपूरच्या शिलावर्तुळांना कागदावर नाव का नाही?

कन्हानच्या आसपास मातीचा मोठा ढिगारा दिसला, तर कुणी थांबून बघत नाही. इंदर, गोंडेगाव, कामठीच्या खुल्या कोळसा खाणींनी असे डोंगरच उभे केलेत. कोळशावरची माती काढून टाकायची, ती साचत जाते. लोक त्याला सरळ 'ओबी' म्हणतात. खाणीच्या इंग्रजी शब्दाचं हे लघुरूप आता गावातल्या पोरांच्याही तोंडी आहे.

पण याच पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीकाठच्या नैकुंडला, दुसऱ्या प्रकारचे ढिगारेही आहेत. मोठमोठ्या धोंड्यांचं गोल कडं, आत गोटे आणि माती भरून केलेला बुटका उंचवटा आणि त्याच्या खाली माणसं पुरलेली. वय साधारण अडीच ते तीन हजार वर्षं.

याला काय म्हणायचं? अभ्यासक 'शिलावर्तुळ' किंवा 'महापाषाणीय दफन' म्हणतात. हे दोन्ही पुस्तकी शब्द.

तसं पाहिलं तर मराठीला या बाबतीत शब्दांची कमी नाही. जाळलं तर स्मशान, बोलीत मसण, मसणवटा. पुरलं तर थडगं, कबर. फकिराची जागा असेल तर दर्गा, जसा नागपूरचा ताजबाग. संताची असेल तर समाधी. राजाची रायगडावर असते ती समाधी, सरदाराची पुण्यात वानवडीला असते ती छत्री. लढाईत पडलेल्याचा वीरगळ, सती गेलेल्या बाईचा सतीगळ. हल्ली तर नगरपालिका स्मशानाला 'मोक्षधाम' किंवा 'वैकुंठधाम' करून टाकतात. शिवाय अंत्यविधी दहनाचा असला तरी आपण 'मातीला जाऊन आलो' असंच म्हणतो.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते का?

यातले बरेचसे शब्द जागेपेक्षा माणसाबद्दल जास्त सांगतात. आत कोण आहे, त्याचा धर्म कोणता, त्याचा मान किती, हे शब्दातच कळतं. मजार म्हणजे मुळात भेट द्यायची जागा. समाधी म्हणजे योग्याची अवस्था, म्हणून तो 'मेला' असं म्हणायचंच नसतं. शब्द निवडला की दर्जा ठरतो.

सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचं. ७ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर दादर चौपाटीला अंत्यसंस्कार झाले. त्या जागेला आपण स्मशान म्हणत नाही, समाधीही नाही, तर चैत्यभूमी म्हणतो. 'चैत्य' आणि 'चिता' हे दोन्ही शब्द रचणं, ढीग करणं या अर्थाच्या एकाच धातूतून आलेत. स्तूपाचाही जुना अर्थ ढीग, रास असाच. म्हणजे मृतावर रचलेल्या उंचवट्याला आपल्याकडे शब्द होता, तो बौद्ध परंपरेसोबत राहिला. भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खननात मोठा स्तूप निघाला. तोवर गावासाठी ती 'जगन्नाथ टेकडी' होती.

आता शिलावर्तुळांच्या आत कोण आहे?

नाव कुणाचंच माहीत नाही, पण माणसं साधी नव्हती. नागपूरजवळच्या माहूरझरीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले. घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज, लोखंडी शस्त्रं, मौल्यवान दगडांचे मणी. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे आज कोळसा काढणाऱ्या या पट्ट्यात अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळलं जात होतं.

काटोल रोडवरच्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदली गेली. रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांवर लिहिलं आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना थेट ब्रिटनमधल्या दगडांशी केली. त्याच्याही आधी हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप या वर्तुळांच्या मागे लागले होते. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडून गेले.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कागदात आहे. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत 'ट्युम्युलस', म्हणजे मृतावर रचलेला उंचवटा, आणि दफनाची जागा हे दोन्ही स्पष्ट लिहिलेत. पण अधिसूचना निघाली तरच पुढचं संरक्षण मिळतं. मग १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. जुनापाणीसारख्या जागांना हे कवच आहे. यादीबाहेरचं वर्तुळ महसुली नोंदीत दिसेल ते पडीक किंवा पोटखराबा म्हणून. ही वर्तुळं बहुतेक वेळा मुरमाड उंचवट्यावर असतात आणि मुरूम रस्त्याच्या भरावाला लागतो. जेसीबीवाल्याला तिथे धोंडे दिसतात, थडगं दिसत नाही. त्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारण कागदही त्याला वेगळं काही सांगत नाही.

नोंदीतल्या एका शब्दाने किती फरक पडतो, हे विदर्भाने नुकतंच पाहिलं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली पूर्व विदर्भातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच मानली. जागेवर झाडं आहेत की घरं, यावरून अनेक दशकं वाद चालला आणि त्याच्या मुळाशी महसुली कागदावरचे दोन शब्द होते.

शिलावर्तुळांसाठी एक वाट राज्याच्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी मोकळी सरकारी जमीन गुरचरण, खळं, दफन किंवा दहनभूमी आणि 'इतर सार्वजनिक प्रयोजन' यांसाठी राखून ठेवू शकतात. सरकारी जागेवरच्या वर्तुळांची गावागावातून मोजणी करून ती याखाली राखता येतील आणि त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागणार नाही. खासगी शेतातल्या वर्तुळांचं काय, हा मात्र जास्त अवघड प्रश्न आहे. तिथे भरपाईशिवाय शेतकऱ्याला 'हात लावू नको' म्हणणं टिकणार नाही.