विश्लेषण : ‘कोशर’चा नियम एक, मग चालीरीती वेगळ्या का?

दोघेही ज्यू, दोघेही धर्मनियम पाळणारे. तरी एकाला चालणारे मांस दुसऱ्याला चालेलच असे नाही. मग खरे ‘कोशर’ कोणाचे?

मूळ नियम काय?
खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे प्राणीच खाता येतात. त्यामुळे बकरा, मेंढी, गाय चालते. डुक्कर, उंट नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. प्रशिक्षित ‘शोखेत’ धारदार सुरीने प्राणी कापतो. मांसाला मीठ लावून रक्त काढले जाते. मांस आणि दूध एकत्र खाणे वर्ज्य. इथपर्यंत वाद नाही.

मतभेद कुठे?
फुफ्फुसापाशी! प्राणी कापल्यावर त्याचे फुफ्फुस तपासतात. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी चिकटलेल्या पापुद्र्यांबाबत कडक भूमिका घेतली. क्राकोच्या मोशे इस्सर्लिस यांनी मात्र गाय-बैलांच्या बाबतीत, हळुवार चोळून निघणारे पापुद्रे असल्यास मांस चालेल, असे म्हटले. सेफार्दी ज्यू पहिल्यामागे गेले, युरोपातील अश्केनाझी दुसऱ्यामागे. मांसानंतर दूध कधी घ्यायचे, यातही फरक आहेच. अनेक जण सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, तर डच परंपरेत एकच तास.

कोकणात काय?
बेने इस्रायली कुटुंबांत मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध असते. ते प्राण्याचे नसल्याने नियम मोडत नाही. शेजाऱ्यांच्या भावना जपत गोमांस टाळण्याची रीतही त्यांच्यात रुजली. त्यांच्या स्त्रियांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, त्यावरून डेव्हिड राहाबी यांना त्यांचे ज्यू असणे पटले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

मग अडचण कशाची?
‘ग्लाट’ म्हणजे गुळगुळीत फुफ्फुसाचे मांस. अमेरिकेत आज हाच शब्द दर्जाची खूण बनला आहे. प्रश्न मुळात मोठ्या जनावरांच्या फुफ्फुसाचा, पण शिक्का कोंबडीवरही दिसतो. अनेक जनावरे या कसोटीत बाद होतात, म्हणून असे मांस महाग पडते. त्याहून गंभीर म्हणजे, इस्सर्लिस यांच्या मतानुसार पिढ्यान्‌पिढ्या जेवलेल्या घरांची रीत कमअस्सल वाटू लागते.

कडक नियम पाळण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच. पण अधिक कडक म्हणजे अधिक खरे, असे नव्हे. दोन्ही मते एकाच धर्मग्रंथाच्या अभ्यासातून आली आहेत. शिक्क्याने मांस कोणत्या मतानुसार तपासले, एवढेच सांगावे. कोणाची श्रद्धा पक्की, हे ठरवणे त्याचे काम नाही.