सॉफ्टवेअर : यंत्राचा भाग की पोथीची प्रत?

उपमेतील 'सारखे' हा शब्द वाचकाला सावध ठेवतो. रूपक मात्र उपमेय आणि उपमान यांचा अभेद मानते. काव्यात हा अभेद आनंद देतो. व्यवहारात तो फार महाग पडू शकतो, असे माझे मत आहे आणि सॉफ्टवेअर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी रूपकांतूनच बोलावे लागते. कोणी त्याला पाककृती म्हणतात. परंतु पाककृतीत 'मीठ चवीपुरते' एवढे लिहून भागते, कारण वाचणाऱ्याला जीभ असते. त्याहून रूढ आणि माझ्या मते अधिक घातक रूपक आहे ते यंत्राच्या भागाचे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून 'आरियान ५' हा अग्निबाण प्रथमच झेपावला आणि सुमारे चाळीस सेकंदांत, चार उपग्रहांसह, नष्ट झाला. त्याची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातील सॉफ्टवेअर 'आरियान ४'वरून घेतलेले होते. तेथे ते बिनचूक चालले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र अधिक होता. त्याच्याशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि उपकरण बंद पडले. राखीव उपकरण होतेच. तेही त्याच कारणाने, जवळजवळ त्याच क्षणी बंद पडले.

लोखंडाचे दोन भाग सहसा एकाच क्षणी मोडत नाहीत, म्हणून राखीव भाग ठेवणे शहाणपणाचे असते. सॉफ्टवेअर झिजतही नाही आणि मोडतही नाही. त्याची दुसरी प्रत म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा. म्हणून मला पोथीचे उपमान अधिक जवळचे वाटते. लेखनिकाच्या हातून अपपाठ शिरला की त्या प्रतीवरून केलेल्या साऱ्या प्रतींत तो उतरतो. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, ती अशाच अपपाठांमुळे.

अर्थात हे उपमानही अपुरेच आहे. अपपाठापाशी जाणता वाचक अडखळतो, मनातल्या मनात दुरुस्ती करतो. संगणक लिहिले असेल तसे करून मोकळा होतो. कुरूच्या दुर्घटनेत ज्या गणनेमुळे उपकरण बंद पडले, तिची उड्डाणानंतर नव्या अग्निबाणाला गरजच नव्हती. जुन्या प्रतीत होती, म्हणून ती नव्या प्रतीतही राहिली होती.