जोडशस्त्रक्रिया आणि परतीचा प्रवास

ज्या वाशीम जिल्ह्याची गणना केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील 'आकांक्षित', म्हणजे सरळ भाषेत बोलावयाचे तर मागे पडलेल्या, जिल्ह्यांत केली, त्या जिल्ह्यातील वाचकांपुढे सौंदर्यशस्त्रक्रियेच्या धोक्यांचा विषय मांडावा, हे काहींना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सोयाबीनचे भाव आणि पाण्याची टंचाई हे विषय समोर असता पोटावरचा मेद काढवून घेणाऱ्यांची काळजी वृत्तपत्राने का वाहावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न आम्ही अप्रस्तुत म्हणणार नाही. त्याचे उत्तर मात्र सोपे आहे. या शस्त्रक्रिया नागपूर, पुणे, मुंबई येथे होतात; परंतु ज्यांच्यावर त्या होतात ती माणसे परत येतात ती कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील आपल्या घरी. आणि या शस्त्रक्रियांतील सर्वांत घातक विकार पुष्कळदा घरी परतल्यानंतरच डोके वर काढतो.

आमचा रोख आहे तो एकाच वेळी, एकाच भुलेखाली दोन-तीन सौंदर्यशस्त्रक्रिया उरकून घेण्याच्या प्रघाताकडे. पोटावरची सैल त्वचा कापून स्नायू आवळावयाचे, त्याच बैठकीत कंबर व मांड्यांवरील मेद नळीने शोषून घ्यावयाचा आणि जमल्यास स्तनांचीही शस्त्रक्रिया करावयाची, अशी ही जोडणी असते. व्यापारी भाषेत तिला 'पॅकेज' म्हणतात. ती घेणाऱ्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दोन बाळंतपणांनंतर ढिले पडलेले पोट पूर्ववत व्हावे असे चाळिशीतल्या एखाद्या शिक्षिकेस वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? तिने सारे एकदम उरकावयाचे ठरविले, तर त्यामागची कारणेही समजण्याजोगी आहेत. सुटी एकच, उन्हाळ्याची. आरोग्यविम्यातून अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही, तेव्हा खोलीचे भाडे व भूलतज्ज्ञाचे शुल्क दोनदा भरण्यापेक्षा एकदाच भरावे, असा हिशेब घरात होतो. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, कित्येकदा सासरच्या माणसांनाही, कळू न देता हे पार पडावे अशी इच्छा असते. हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

प्रथम धोका कोणता तो पाहू. रक्त नको त्या ठिकाणी का गोठते, याचा उलगडा करणारी तीन कारणे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या १८५६ मधील संशोधनाशी जोडली जातात: रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीस इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. लांबलेल्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकत्र येतात. भुलेखाली पोटऱ्यांचे स्नायू निश्चल असतात, त्यामुळे पायांतील रक्त वर ढकलले जात नाही. जखम भरून काढण्यासाठी शरीर रक्ताची गोठणशक्ती वाढविते. पोटाचे स्नायू आवळल्याने उदरातील दाब वाढतो व पायांकडून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तास अडथळा होतो. वरून घट्ट पट्टा बांधलेला असतो आणि टाके ताणू नयेत म्हणून रुग्ण कित्येक दिवस कंबरेत वाकून, बेताचेच चालतो. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, म्हणजे काही मिनिटांतही प्राण जाऊ शकतो. एकीस दुसरी शस्त्रक्रिया जोडली की भुलेचा काळ वाढतो, जखम मोठी होते आणि अंथरुणातील दिवसही वाढतात.

हा धोका किती मोठा आहे, हे सांगताना अतिशयोक्ती करणे हाही एक अपराधच होय. अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोटाच्या १०,४९० शस्त्रक्रियांच्या पाहणीत शंभरांतून सुमारे एका रुग्णाच्या खोल शिरेत गुठळी झाल्याचे व हजारांतून आठांच्या फुप्फुसात ती गेल्याचे आढळले होते. तेथेच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौंदर्यशस्त्रक्रियेच्या १,२९,००७ रुग्णांपैकी ११६ जणांना हा विकार झाला, म्हणजे हजारी एकाहूनही कमी. दोन्ही पाहण्यांची पद्धत निराळी असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु दुसऱ्या पाहणीतही धड व पोट यांवरील शस्त्रक्रिया आणि एकाहून अधिक शस्त्रक्रियांची जोडणी ही धोका वाढविणारी कारणे ठरली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेदशोषणाच्या ४,९६,२४५ शस्त्रक्रियांचा जो आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९५ मृत्यूंची नोंद होती आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश फुप्फुसातील गुठळीमुळे झाले होते.

जोडशस्त्रक्रिया म्हणजे सरसकट अनर्थ, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य होणार नाही. तरुण, निरोगी, बेताच्या वजनाच्या रुग्णावर, सुसज्ज रुग्णालयात, मर्यादित वेळात केलेली जोडणी बहुधा निर्विघ्न पार पडते. दोनदा भूल देण्याऐवजी एकदा देण्यात लाभही असतो. प्रश्न आहे तो जोडावयाचे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे, हा. ते ठरविण्यासाठी जोसेफ कॅप्रिनी या शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी एक गुणपत्रिका जगभर वापरली जाते. वय ४१ ते ६० असल्यास एक गुण. शस्त्रक्रिया पाऊण तासाहून मोठी असल्यास दोन. वजन प्रमाणाबाहेर असल्यास एक. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असल्यास एक. पूर्वी कधी गुठळी झाली असल्यास किंवा रक्ताच्या नात्यात कोणास झाली असल्यास प्रत्येकी तीन. आमची शिक्षिका पंचेचाळिशीची, थोडी स्थूल व गोळ्या घेणारी असेल तर तिचे पाच गुण सहज होतात, आणि पाचापासून पुढे जोखमीची वरची पायरी सुरू होते. शाळेत गुण अधिक मिळाले की मूल वर चढते. येथे गुण अधिक झाले की शस्त्रक्रिया विभागावी, पुढे ढकलावी, किंवा रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा विचार करावा. हे मोजमाप करण्यास पाच मिनिटे लागतात. ते सवलतीच्या दरपत्रकावरून होत नाही.

आता परतीच्या प्रवासाकडे वळू. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो व त्याचे लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु मुंबईहून वाशीमपर्यंतचे पाचशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर, पोटास पट्टा बांधून, पाय मुडपून, गाडीतून न उतरता कापणे म्हणजे मंद रक्तप्रवाहास आणखी मंद करणे होय. रस्ता चांगला झाल्याने हा मोह वाढला आहे, इतकेच. त्यात ब्रिटनमधील मध्यमवयीन स्त्रियांच्या एका विशाल अभ्यासाने २००९ मध्ये दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचतो व बारा आठवड्यांपर्यंत पूर्णपणे ओसरत नाही. तो अभ्यास सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांचा होता. शरीरास मात्र कारण कळत नाही, कापणे तेवढे कळते. तिसऱ्या आठवड्यात शल्यविशारद मुंबईत असतो आणि रुग्ण रिसोडला.

येथे ते गुप्ततेचे कारण आपला खरा अर्थ प्रकट करते. एक पाय सुजतो, पोटरी दुखते. घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण. गावातील डॉक्टरांकडे जाणे होते, पण शस्त्रक्रियेचा उल्लेख होत नाही, कारण तो कोणाकडेच करावयाचा नसतो. डॉक्टर वेदनाशामक गोळी देतात. आणि ज्यास पुरेशी माहितीच दिलेली नाही, त्या डॉक्टरांना दोष कसा द्यावा? त्यानंतर एखाद्या पहाटे एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, घेरी येते. हृदयविकाराचा झटका, असे म्हणून शेजारी हळहळतात आणि खरे कारण कायमचे झाकले जाते.

आपल्या लोकांत हा विकार फारसा नसतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती व अद्याप ती पुरती गेलेली नाही. अनेक देशांत झालेल्या एका पाहणीच्या भारतीय भागात दहा रुग्णालयांतील २,०५८ रुग्ण तपासले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना गुठळीचा धोका होता, आणि अशा धोक्यातील रुग्णांपैकी शिफारशीनुसार प्रतिबंधक उपाय मिळाले ते शंभरांतून सुमारे सतरांनाच. मोठ्या रुग्णालयांतून, अन्य आजारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांची ही अवस्था असेल, तर सौंदर्यगृहांच्या पाट्या मिरविणाऱ्या लहानसहान केंद्रांविषयी निश्चिंत राहण्यास काय आधार आहे?

अन्य देशांनी अनुभवाने शहाणपण घेतले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या वैद्यकीय मंडळाने २००४ मध्ये डॉक्टरांच्या खाजगी कार्यालयांतून पोटाची शस्त्रक्रिया व मेदशोषण एकत्र करण्यास ९० दिवसांची बंदी घातली. तेथील नियमांनी अशा जोडणीत शोषावयाच्या मेदास १,००० घन सेंटिमीटरांची मर्यादाही घातली. प्रसिद्ध गायक कान्ये वेस्ट यांच्या मातोश्री डोंडा वेस्ट यांचा २००७ मध्ये एकत्रित शस्त्रक्रियांनंतर दुसऱ्याच दिवशी मृत्यू झाला. त्यांच्या बाबतीत गुठळीपेक्षा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार पुढे आला. परंतु त्यातून कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी शारीरिक तपासणी सक्तीची करणारा कायदा केला.

आमच्याकडे नियम अगदीच नाहीत असे नाही. डॉक्टरांनी जाहिरातीने रुग्ण ओढू नयेत, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा महाराष्ट्रात आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट झाली. संमती घेताना रुग्णास उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके सांगितलेच पाहिजेत, आणि एका शस्त्रक्रियेची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच बजावले आहे. या नियमांच्या आधारे राज्य सरकारने तीन गोष्टी तत्काळ कराव्यात, असे आमचे मत आहे. जोडशस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या जोखमीची गुणपत्रिका लेखी करून तिची प्रत रुग्णास देणे बंधनकारक करावे. एकावर दुसरी शस्त्रक्रिया सवलतीत देऊ करणाऱ्या जाहिराती बंद कराव्यात. लुगड्यांच्या दुकानास शोभणारी रीत शस्त्रक्रियागृहास शोभत नाही. आणि बाहेरगावच्या रुग्णास घरी सोडताना त्याच्या गावच्या डॉक्टरांच्या नावे पत्र द्यावे, ज्यात काय केले, कोणते औषध किती दिवस घ्यावयाचे व कोणत्या लक्षणांवर धाव घ्यावी, हे मराठीत लिहिलेले असेल.

वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी, छातीचा सी. टी. स्कॅन व गुठळीवरील औषध ही तीन साधने तेथे व जिल्हा रुग्णालयात रात्री-अपरात्रीही हाताशी असावीत, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी केली पाहिजे. तिचा लाभ अस्थिभंगाच्या व बाळंतपणाच्या रुग्णांस तर अधिकच होईल. गुठळी सौंदर्यासाठी केलेली जखम आणि गरजेपोटी केलेली जखम यांत भेद करीत नाही.

आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनींस, आमची विनंती साधी आहे. शस्त्रक्रिया करणारा प्लॅस्टिक सर्जरीचा रीतसर पदवीधर आहे का, ते पाहा. संततिनियमनाच्या किंवा पाळी लांबविण्याच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. घरी निघण्याची घाई करू नका. निघालात तर वाटेत थांबून पाय मोकळे करा. आणि जगापासून हवे तर लपवा, परंतु घरातील एका विश्वासू माणसास व गावच्या डॉक्टरांस सारे सांगून ठेवा. पोटरी दुखू लागली त्या दिवशी 'मागल्या महिन्यात माझी शस्त्रक्रिया झाली आहे' हे एक वाक्य उच्चारले गेले, तर निदानाची दिशा बदलेल. ते वाक्य उच्चारताना कोणत्याही स्त्रीस संकोच वाटू नये, एवढी समज आपल्या घरांनी दाखवावी. कायदा होईल तेव्हा होईल. हे आज, आपल्या हातचे आहे.