दवाखान्याची पिशवी भरताना

दंगल, अपघात किंवा घरातली मारहाण यांची शरीरावरची जखम भरते, मनावरची राहते. अशा बहिणीला डॉक्टरांनी मनोरुग्ण विभागात दाखल व्हायला सांगितले, की आपल्याला पहिली चिंता लागते ती नातेवाइकांना काय सांगायचे याची. तिची चिंता वेगळी असते : आपल्याला तिथून परत येऊ देतील ना?

म्हणून तिला आधी हे सांगू या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्या मर्जीने दाखल झालेली प्रौढ व्यक्ती स्वतः डिस्चार्ज मागू शकते. भेटीगाठींचा, फोनवर बोलण्याचा हक्कही तिला आहे.

पिशवीत चालू औषधांची चिठ्ठी आणि जानमाज ठेवू या. सुरक्षेसाठी काही वॉर्डांत नाडा, लांब ओढणी चालत नाही. आधी विचारून इलॅस्टिकची सलवार, शिवलेला हिजाब द्यावा. रमजानमध्ये डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

दुआ करूच, पण मुलांना शाळेत कोण सोडणार हेही तिच्यासमोर ठरवू या. तेवढ्याने तिचा अर्धा घोर उतरेल.