दवाखान्याच्या संगणकात आपली भाषा कोण लिहिणार?

सिकलसेलच्या तपासणीचा कागद हातात पडतो आणि त्यावर 'वाहक' असे छापलेले असते. आर्वी-कारंज्याकडच्या शेतमजुराने हा शब्द कुठे वाचलेला असतो? एसटीत! चालक आणि वाहक. आपल्या पोरीला कंडक्टर का म्हटले, हे त्याला उमगत नाही. मग शेजारचा एखादा शहाणा सांगतो, 'अहो, तिला बिमारी आहे.' आणि जुळत आलेली सोयरीक मोडते.

वास्तविक 'एएस' म्हणजे वाहक. आईबापांपैकी एकाकडून दोष आला, पण माणूस एरवी धडधाकट. 'एसएस' म्हणजे खरा रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारात एक. एवढी साधी गोष्ट एका शब्दापायी अडते. आणि ती अडते कुणाची? भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला, 1958 मध्ये मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. विदर्भात तो आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात अधिक आढळतो, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. एवढ्या नोंदी वहीत मावत नाहीत, त्या संगणकात जातात. म्हणून संगणकातली भाषा हा आपला प्रश्न आहे.

दवाखान्यासाठी फुकट आणि खुल्या संगणक प्रणाली आज उपलब्ध आहेत. 2004 मध्ये सुरू झालेली 'ओपनएमआरएस' केनियातल्या एड्स रुग्णांच्या नोंदींच्या गरजेतून वाढली. तिच्यावर आधारलेली 'बाह्मनी' छत्तीसगडच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात घडली. (नाव ऐकून दचकू नये, ते बिलासपूरकडच्या एका खेड्याचे आहे.) या प्रणालींत जी आजारांच्या नावांची सूची सर्रास वापरतात, ती कोलंबिया विद्यापीठात उभी राहिली. बाबासाहेब जिथे शिकले तेच हे विद्यापीठ.

भाषांतराचे काम असे चालते. पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक ओळ वेगळी काढून ठेवलेली असते. कुणीही स्वयंसेवक ती आपल्या भाषेत लिहितो, दुसरा तपासतो आणि त्या भाषेचा समन्वयक पक्की करतो. ('स्वयंसेवक' हा शब्द आमच्या नागपूर-वर्धा पट्ट्यात वेगळाच अर्थ घेऊन फिरतो, तो सोडा.) मौज पाहा. रुग्ण आणि डॉक्टर यांच्या भेटीला या प्रणालीत 'एन्काउंटर' म्हणतात. शब्दकोश उघडून बसलेला माणूस तिथे 'चकमक' लिहील! 'डिस्चार्ज' म्हणजे दवाखान्यातून सुट्टी, आणि जखमेतून वाहणारा स्रावही तोच. संदर्भ न पाहता एकच शब्द दोन्हीकडे चिकटवला तर सिस्टरने काय समजावे? वाक्यात रुग्णाचे नाव आपोआप येते, पण पुढे 'दाखल झाला' की 'दाखल झाली', हे इंग्रजी साच्याला सुचलेलेच नसते.

या गमतीजमतीपलीकडे एक रकाना आहे. बाह्मनीच्या नमुना नोंदणी फॉर्ममध्ये 'कास्ट' हा रकाना होता. दवाखाना आपल्या सोयीने तो ठेवू शकतो किंवा काढू शकतो. भाषांतरकाराने तिथे 'जात' लिहिले की त्याचे काम संपले. पण खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या बाईला चारचौघांत 'जात कोणती?' असे विचारले जाते, तेव्हा काय होते ते आम्ही जाणतो. योजनेच्या लाभासाठी प्रवर्ग पुरेसा आहे. सिकलसेलच्या अभ्यासासाठी समाज विचारायचाच असेल, तर तो तपासणीच्या खोलीत, कारण सांगून विचारावा. ही गोष्ट त्या टेबलावर मांडणारा आपला माणूस हवा. पुण्या-मुंबईत रात्री घरी बसून हौसेने भाषांतर करणाऱ्यांच्या कष्टांना आम्ही नावे ठेवत नाही, पण ती रांग त्यांनी पाहिलेली नसते.

वर्धा तर भाषेच्या संस्थांचा जिल्हा. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून इथे आहे, हिंदीचे केंद्रीय विद्यापीठ इथे आहे. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरे. पण 'पोट दुखून राह्यलं', 'आंगावरून जाते' हे बोलणारी बाई या इमारतींमध्ये रुग्ण म्हणूनच येते. तिचे बोलणे रोज ऐकणारे कोण? आशा ताई, नर्सेस, लॅबमधले तंत्रज्ञ. त्यांतले कितीतरी आपल्याच वस्त्यांतले आहेत. त्यांना इंग्रजी जेमतेम येत असेल, पण कोणता शब्द चुकला ते त्यांना लगेच कळते. इंग्रजी जाणणारी आपली कॉलेजची पोरे आणि या ताया यांना एका विहारात रविवारी चार तास बसवले, तर पन्नास-शंभर ओळी नक्की तपासून होतील. प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी मात्र त्यांना मिळालीच पाहिजे. फुकट राबण्याचा वारसा आपल्याकडे पुरेसा आहे.

सुरुवात 'वाहक'पासूनच करावी. 'गुण आहे, आजार नाही' असे सरळ छापले तर? आमच्या मते ते जास्त बरे. पण 'गुण' हा शब्द चांगल्या अर्थानेही घेतला जातो, असे एका ताईंनी आम्हाला ऐकवले, आणि त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही.