दोष आधी सांगा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना टेपरेकॉर्डर, रेडिओ किंवा स्पीकरची जोडी धूळ खात पडली असेल. अशा वस्तू विकण्यासाठी आता भंगारवाल्याची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि किंमत टाकायची. ओएलएक्ससारख्या ऑनलाइन बाजारात ती वस्तू अनेक लोकांना दिसते. ही सोय चांगली आहे. फेकलेली वस्तू कचरा होते. विकलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडते. पण माझे मत असे आहे की, या बाजारात विकणाऱ्याने वस्तूतला दोष कोणी विचारण्याआधीच सांगितला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, ही तर साधी गोष्ट आहे. साधी आहे खरी, पण पाळायला सोपी नाही. मलाही ती पाळता आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी मी अब्बांचा जुना टू-इन-वन विकायला काढला. रेडिओ खणखणीत वाजत होता. कॅसेट मात्र दहा मिनिटे नीट चाले आणि मग अडखळू लागे. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. हे मला माहीत होते. तरी मी लिहिले, ‘चालू स्थितीत आहे.’ आपण खोटे लिहिले नाही, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्याच दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले. मी रेडिओ लावून दाखवला, कॅसेटही दोन मिनिटे वाजवली. त्यांनी पैसे दिले, सलाम केला आणि ते आनंदाने निघून गेले.

आठवड्याने ते परत आले. त्यांच्या हातात गुंता झालेली फीत होती. त्यांच्या दिवंगत पत्नीचा आवाज त्या एकाच कॅसेटवर होता. तो ऐकण्यासाठीच त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला होता. पट्टा सैल झाला की फीत गुंडाळून घेणारे चाक थांबते, पण फीत पुढे ढकलणारा रोलर फिरतच राहतो. मग फीत बाहेर पडते आणि त्याच्याभोवती अडकते. येथे तेच झाले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही सांगितले असते, तर मी आधी पट्टा बदलून घेतला असता.” मी त्यांचे पैसे परत केले. फीतही हळूहळू सोडवली. पण जो भाग चुरगळला होता, तेथला आवाज पुन्हा नीट ऐकू आला नाही.

मुंबईच्या चोरबाजारात जुना रेडिओ घेताना गिऱ्हाईक तो उचलून पाहते, वाजवून ऐकते आणि मग भाव करते. ऑनलाइन बाजारात गिऱ्हाइकासमोर फक्त फोटो असतो. आणि आवाज काही फोटोत दिसत नाही! बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या स्पीकरचा फोम कुजलेला असू शकतो. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल. रेकॉर्ड प्लेयरची झिजलेली सुई चांगली तबकडीही खराब करते. जपानमधल्या वापरासाठी बनवलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. ते आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळू शकते. या गोष्टी विकणाऱ्यानेच सांगायला हव्यात.

काही जण म्हणतात, “दोष सांगितला तर वस्तू घेणार कोण?” याचे उत्तर या बाजाराच्या इतिहासातच आहे. १९९५ साली पियरे ओमिड्यार यांनी अमेरिकेत एक ऑनलाइन बाजार सुरू केला. पुढे तो ईबे या नावाने प्रसिद्ध झाला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. ‘तो मोडका आहे, हे तुम्हांला माहीत आहे ना?’ असे ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारले. आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो, असे त्याने कळवले. बिघडलेल्या वस्तूलाही गिऱ्हाईक मिळते. कोणाला ती दुरुस्त करायची असते, तर कोणाला तिचे सुटे भाग हवे असतात. किंमत थोडी कमी येईल, पण तीच तिची खरी किंमत असते.

हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक हकीकत तुम्ही ऐकली असेल. बाजारात धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने ते भिजले, असे विकणाऱ्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. आजच्या बाजारात आपला फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर आहे. ओले धान्य तेथेच दिसले पाहिजे.

म्हणून घरची अशी वस्तू विकायची असेल, तर वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन ती आधी तासभर वाजवून पाहा. काय चालते आणि काय चालत नाही, ते स्पष्ट लिहा. ओरखड्यांचाही फोटो द्या. स्वतःही सावध राहा. पैसे मिळण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले, तर तो ठग आहे असे समजा.

मित्रांनो, त्या टू-इन-वनचा पट्टा बदलायला फारसा खर्च नव्हता. तो सैल आहे, हे लिहायला तर एक ओळ पुरली असती. ती ओळ मी लिहिली नाही. तुम्ही मात्र ती लिहायला विसरू नका.